मुक्काम पोस्ट

पोर जन्माला आलं की बाराव्या दिवशी त्याचं नाव ठेवतात. ते राहणार कुठं, हे कुणी विचारत नाही. घर आधीच असतं. कंपनीचं काम उलटं. आधी नाव मंजूर करून घ्यायचं आणि मग तिच्यासाठी घर शोधायचं. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं पहिलं नाव दुसऱ्या कुणाच्या तरी नावाशी जुळतं म्हणून परत आलं. दुसरं मंजूर झालं. मंजूर झालेलं नाव २० दिवस राखून ठेवतात, तेवढ्यात पुढचा अर्ज गेला नाही तर नाव हातचं गेलं. त्या २० दिवसांतले १७ दिवस आम्ही पत्त्यावरून भांडलो.

आमचं गाव जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवर. अर्ध्या गावाचा बाजार नारायणगावला, अर्ध्याचा मंचरला. घर या तालुक्यात आणि सातबारा त्या तालुक्यात, अशी माणसं आमच्यात ढिगानं. २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटोचा भाव असा काही चढला की जुन्नरच्या शेतकऱ्यांचे फोटो टीव्हीवर झळकले. पुढं दोन महिन्यांत तोच टोमॅटो कुणी विचारीना. ज्यांचा माल त्या पंधरा-वीस दिवसांत निघाला ते तरले, ज्यांचा मागं राहिला ते बसले. त्याच हिवाळ्यात आम्ही दहा-बाराजण देवळात जमलो. माल एकत्र निवडायचा, एकत्र गाडी भरायची, खत-औषध एकत्र आणायचं, असं ठरलं.

सोसायटी का नाही, कंपनीच का, असं पुष्कळांनी विचारलं. सोसायटीची निवडणूक आम्ही पाहिलेली आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. २००२ साली कंपनीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांना अशी कंपनी काढायची वाट मोकळी झाली. दहा शेतकरी लागतात, संचालक निदान पाच. आणि शेअर कितीही घेतले तरी शेतकऱ्याला मत एकच. हे शेवटचं वाक्य ऐकून वरच्या वाडीच्या मावशींनी तिथल्या तिथं पदराच्या गाठीतून पैसे काढले. या मावशी बचत गटाच्या अध्यक्ष. बटाटा लावतात, नवरा नाही, दोन एकर कोरडवाहू. पुढं त्यांचा विषय येणार आहे.

तर सीए साहेबांनी विचारलं, "रजिस्टर्ड ऑफिस कुठं?"

आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. तात्या म्हणाले, "हापिस कशाला? माल शेतात, गाडी रस्त्याला, मानसं आपापल्या घरी."

साहेब पुण्याचे असले तरी माणूस समजूतदार. त्यांनी सावकाश सांगितलं. कंपनी म्हणजे कायद्याच्या लेखी एक वेगळा माणूस. तिला पत्र पाठवायचं, नोटीस द्यायची, तर तिचा मुक्काम पोस्ट माहीत पाहिजे. कंपनी नोंदली की ३० दिवसांच्या आत हे कार्यालय पाहिजेच, आणि पुढं कंपनी आहे तोवर ते राहिलं पाहिजे. सभासदांची वही, सभेचं इतिवृत्त, हिशेबाची पुस्तकं तिथं. दारावर कंपनीच्या नावाची पाटी, तीही इथल्या लोकांना वाचता येईल अशा लिपीत. पत्त्यावर खरंच काही आहे का, अशी शंका आली तर आकुर्डीच्या कंपनी निबंधकांकडून माणूस येऊन बघून जाऊ शकतो. काही सापडलं नाही तर दिवसाला हजार रुपये दंड, लाखापर्यंत. नावच खोडण्याची कारवाईही सुरू होऊ शकते.

"म्हंजे ही कंपनी नांदायला आलेली सून हाये," तात्या म्हणाले. "चौकशीला मानूस येनार."

मग साहेबांनीच सोपा मार्ग सांगितला. पुण्यात त्यांच्या ओळखीत एक जागा होती. वर्षाला थोडे पैसे दिले की पत्ता वापरायला मिळतो, आलेलं पत्र ते लोक ठेवून घेतात आणि फोन करतात. तशा कितीतरी कंपन्यांचा पत्ता तोच. आमच्यातल्या दोन-तीन पोरांना हे फार पटलं. कागदावर पुणे आलं की व्यापाऱ्यापुढं वजन पडतं, म्हणाले. मी साहेबांना एवढंच विचारलं की वार्षिक सभा कुठं घ्यायची. ते म्हणाले, "रजिस्टर्ड ऑफिसमध्ये, नाहीतर ते ज्या शहरात किंवा गावात आहे तिथंच. तुमच्या प्रकारच्या कंपनीला तसा नियमच आहे. आणि सभेला एकूण सभासदांपैकी पाव सभासद हजर पाहिजेत."

पुणे तिथंच संपलं. कोरम भरायला शंभर माणसं एसटीत घालून शिवाजीनगरला कोण नेणार? बरं, नेलीच, तर त्या दिवशीचं दूध कोण काढणार? पण माझ्या डोक्यात तेव्हापासून एक गोष्ट बसली. पत्ता लिहिताना आपण नुसता टपालाचा विचार करतोय; खरं तर सभेला कोण येणार आणि कोण नाही, हे त्या एका ओळीत ठरतंय.

दुसरी जागा होती हायवेला. पुणे-नाशिक रस्त्याला लागून नवीन गाळे झालेत. शटर, टाइल, वर नावासाठी मोठी पट्टी. भाडं सहा हजार, अनामत वेगळी. कंपनीच्या खात्यात त्या वेळी जेवढे पैसे होते त्यात आम्ही एक वर्षभर त्या गाळ्यात बसलो असतो आणि दुसरं काहीच केलं नसतं. तरीही त्यावर दोन दिवस बोलणं चाललं. गाळा बघून माणसाला भुरळ पडते.

माझंही घर एकानं सुचवलं. पडवी मोठी आहे, रस्त्याला लागून आहे. पण पत्त्याचा पुरावा म्हणून दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल लागतं आणि ज्याच्या नावावर जागा त्याचं ना हरकत पत्र. आमचं बिल अजून आजोबांच्या नावानं येतं. आजोबा जाऊन ३८ वर्षं झाली. खेड्यात हे घरोघर आहे. मीटरवर आजा, सातबाऱ्यावर बाप आणि चार चुलते, राहतो नातू. गावठाणातल्या घराला तर सातबाराच नाही, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा असतो, तोही कुणाच्या नावावर निघेल याचा नेम नसतो. साहेबांनी असल्या उताऱ्यांचा गठ्ठा चाळला आणि म्हणाले, "तुमच्या गावात जिवंत मालक एखादा दाखवा." आम्ही शोधायला लागलो, तर खरंच वेळ लागला.

एक सापडला. आमचे शेठ. खताचं दुकान, वर माडी, बिल त्यांच्या नावाचं, उतारा स्वच्छ. शेठ म्हणाले, "माडी रिकामीच हाये. पैका नको. टाका कंपनीचा पत्ता."

इथं मला थोडं सावकाश लिहायला पाहिजे, कारण शेठ वाईट माणूस नाही. दुष्काळात त्यांनी उधारीवर बियाणं दिलंय आणि मागताना तोंड वाकडं केलेलं नाही. कंपनीतही पहिल्या दहांत त्यांची सही आहे. त्यांची माडी कोरडी, उजेडाची, इंटरनेट आहे, खाली माणूस सतत असतो. कागदोपत्री बघितलं तर त्याहून चांगली जागा साऱ्या शिवारात नव्हती. आणि फुकट. फुकट म्हटल्यावर निम्म्या लोकांच्या मनातला विषय संपला.

माझ्या मनातला संपला नव्हता. दुसऱ्या एका तालुक्यातली हकिकत मला माहीत होती. तिथं अशाच कंपनीचं कार्यालय एका संचालकाच्या घरी होतं. दोन वर्षं बरं चाललं. मग ट्रकच्या भाड्यावरून संचालकांत बिनसलं, आणि एका सकाळी त्या घराला कुलूप. आत वह्या, आत शिक्का, आत संगणक. नोटिसा येत होत्या त्याही त्याच घरी. बाकीच्यांना महिनाभर कळलंच नाही की आपल्या कंपनीला नोटीस आली आहे. भाडं नव्हतं, करार नव्हता, मग कुणाला काय विचारणार? पण हे मी सगळ्यांपुढं कसं बोलू? बोललो तर शेठवर संशय घेतल्यासारखं होतं. गावात राहायचं असतं.

या धांदलीत अभिमानाचाही एक वाद निघाला. जुन्नरकडचे म्हणायला लागले पत्त्यात तालुका जुन्नर पाहिजे, शिवनेरीचा तालुका आहे, नाव लागलं की माल खपतो. आंबेगावकडचे म्हणाले आमचा तालुका हुतात्मा बाबू गेनूंचा. एका उत्साही पोरानं सुचवलं की साखर कारखान्यांसारखं आपण नवीन नगरच काढू. विघ्नहर कारखान्याच्या पत्त्यात निवृत्तीनगर आहे, भीमाशंकरच्या पत्त्यात दत्तात्रयनगर. आपलंही एखादं नगर. कुणाच्या नावाचं, यावर लगेच तीन नावं पुढं आली आणि तिन्ही माणसं जिवंत होती. तात्या म्हणाले, "आधी मरा, मग नगर काढू."

निवृत्त गुरुजी आमचे सभासद आहेत, अर्धा एकर डाळिंब आहे त्यांचं. ते म्हणाले, नावाला एवढं कवटाळू नका. आंबेगाव तालुक्याला नाव ज्या गावावरून पडलं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला, आणि नाव पाण्याखालच्या गावाचं. तालुका चालतोच आहे ना? मग गुरुजी आणखी मागं गेले. त्यांचा तो स्वभाव. म्हणाले, आपल्या भागात माल विकणाऱ्यांनी एकत्र यायचं हे काही नवीन नाही. जुन्नरच्या डोंगरातल्या एका ब्राह्मी लेखात धान्यवाल्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याचं कोरलेलं आहे. बांबूचं काम करणाऱ्यांची श्रेणी होती, कासारांची होती, लोक त्यांच्याकडं पैसे ठेव म्हणून ठेवायचे. सगळं दोन हजार वर्षांच्या आसपासचं.

"त्यांचं रजिस्टर्ड हापिस कुठं होतं?" एकानं विचारलं.

"ते कोरलेलं नाही," गुरुजी म्हणाले. "कोरलंय ते कुणी दिलं आणि काय दिलं."

मला स्वतःला लेण्यांपेक्षा नारायणगावच्या राहुट्या जवळच्या वाटतात. दर साल पाडव्याच्या सुमाराला तमाशाचे फड तिथं राहुट्या ठोकतात. कापडी तंबू, पुढं फडाचं नाव रंगवलेला फलक, आत एक टेबल आणि मॅनेजर. गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात, चहा होतो, भाव होतो, इसार दिला जातो. विठाबाईंच्या नावातच नारायणगाव होतं, तेवढा पत्ता अख्ख्या महाराष्ट्राला पुरला. लहानपणी मी वडिलांबरोबर त्या राहुट्यांत गेलेलो आहे. पंच आत शिरताना कुणाची परवानगी घेत नव्हते. कनात वर केली की आत. तमाशाचं हापिस हे सुपारी देणाऱ्यासाठी असतं, फडमालकासाठी नाही, हे त्या मॅनेजर लोकांना पक्कं माहीत. आमच्या बैठकीत मी हे सांगितलं, तर लोक हसले. हसू द्या. पण मुद्दा तोच होता.

सतराव्या दिवशी देवळात शेवटची बैठक. विषय जवळजवळ मिटलेला, शेठची माडी ठरल्यातच जमा. ठराव लिहायला पोरगा बसला होता. कुणाचं काही म्हणणं आहे का, असं रीतीप्रमाणं विचारलं, तर मावशी उठल्या.

"शेठ, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "तुमचं घर आमाला परकं न्हाई. तुमच्या सुना चांगल्या हायेत, पानी इचारत्यात. पर तुमच्याकडं आलं की आमी आधी पायरीपाशी थांबतो. कुनी 'या' म्हनलं मंगच वर येतो. ह्ये काय तुमी सांगितलं न्हाई, आमच्या पायातच बसलंय. आता कंपनीत मी पैसं भरल्यात. तिथं मला 'या' कुनी म्हनायचं?"

कुणी काही बोललं नाही. देवळात मागं बसलेल्या वाडीच्या बाया खाली बघत होत्या. त्यातल्या दोघींवर शेठच्या दुकानाची उधारी होती, हे सगळ्यांना ठाऊक. उधारी असलेल्या बाईनं त्याच दुकानावरच्या माडीत जाऊन हिशेबाची वही मागायची, हे होणार होतं का? मी वर जे कुलपाचं लिहिलं ती भीती पुरुषांची. मावशींनी सांगितलं ते कुलूप नसलेल्या दाराचं.

शेठनी पानाचा डबा उघडला आणि पान न लावताच बंद केला. मग म्हणाले, "जुनी दूध डेरीची खोली बघा की."

हे त्यांनीच सुचवलं, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो. दूध संस्थेनं रस्त्याला नवीन इमारत बांधली, कूलर बसवला, तेव्हापासून स्टँडजवळची जुनी खोली पडून होती. दहा बाय चौदा, पत्र्याचं छप्पर, पुढं कट्टा. साऱ्या गावानं, सगळ्या वाड्यांनी, बाया-पोरांनी वीस वर्षं सकाळ-संध्याकाळ त्या कट्ट्यावर किटल्या घेऊन रांग लावलेली. तिथं कुणी कुणाला 'या' म्हणत नव्हतं. संस्थेच्या पंचांत शेठचे दोन भाऊबंद होते, शेठनीच त्यांना शब्द टाकला. भाडं महिना ५०० रुपये. फुकट नको, हा आग्रह माझा. भाडं दिलं की पावती मिळते आणि पावती हातात असली की उद्या कुणी उठ म्हणाला तर बोलायला तोंड राहतं. वीजबिल संस्थेच्या नावाचं, ११४० रुपये थकलेलं, ते भरलं. संस्थेनं ठराव करून ना हरकत पत्र दिलं. एकोणिसाव्या दिवशी अर्ज गेला. पाच वर्षांचा करार मागाहून नोंदवला.

अर्ज भरतानाही गंमत कमी नव्हती. रस्त्याचं नाव लिहा. रस्त्याला नाव नाही. प्लॉट नंबर लिहा. तिथं ग्रामपंचायतीचा मिळकत नंबर घातला. अक्षांश-रेखांश लिहा, ते पोरानं मोबाइलवरून काढले. आणि पिनकोड. आमच्याकडं जुन्नर ४१०५०२, मंचर ४१०५०३, नारायणगाव ४१०५०४. शेवटचा आकडा एकानं हलला की माणूस तालुका बदलतो, म्हणून पोस्टात जाऊन खात्री करून घेतली. हाच पत्ता, नाव आणि कंपनीचा २१ अक्षरा-आकड्यांचा नंबर पुढं प्रत्येक पत्राच्या डोक्यावर छापावा लागतो. त्या नंबरात मध्येच 'पीएन' अशी दोन अक्षरं येतात, ती पुण्याची. पुणे हवं होतं त्या पोरांना मी ती दाखवली.

फोटोही लागला. बाहेरून इमारत आणि आतून कार्यालय, त्यात निदान एक संचालक दिसला पाहिजे. खोलीला आतून चुना मारला तरी दुधाचा आंबूस वास गेला नव्हता, पण फोटोत वास येत नाही. तात्या टोपी घालून टेबलामागं बसले. टेबल शाळेचं, खुर्ची गुरुजींची, मागं गणपतीचं कॅलेंडर. पाटी रंगवायला जत्रेचे फलक रंगवणारा पेंटर आणला. त्यानं 'प्रोड्युसर' हा शब्द तीनदा पुसला आणि कंपनीच्या नावाभोवती सवयीनं तुताऱ्या काढल्या. आम्ही राहू दिल्या.

नोंदणी झाल्यापासून ९० दिवसांत पहिली सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. चौदा दिवस आधी नोटिसा वाटल्या. तोवर सभासद २१४ झाले होते, म्हणजे ५४ हजर पाहिजेत. आले ८९, त्यात बाया ३७. खोलीत वीस मावले, बाकी कट्ट्यावर आणि समोरच्या चिंचेखाली. सभा काही फार शहाणपणाची झाली नाही. अर्धा वेळ बिबट्या आणि रात्रीच्या विजेवर गेला, जो आमचा विषयच नव्हता. पण मध्येच वाडीची एक तरणी बाई कट्ट्यावरून उठली, आत आली, कपाटाजवळ जाऊन म्हणाली, "खर्चाची वही बघू." पोरानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, माझ्याकडं काय बघतो, दे. तिनं उभ्यानंच पानं उलटली, गाडीभाड्याच्या एका आकड्यावर बोट ठेवलं आणि हा दोनदा का लिहिलाय म्हणून विचारलं. तो दोनदा नव्हता, दोन खेपा होत्या. तारखा दाखवल्या, तिला पटलं, ती परत जाऊन बसली. शेठ तेव्हा चिंचेखाली बाकीच्यांत मांडी घालून बसले होते. त्यांच्याच गाडीचं भाडं होतं ते.

खोलीच्या चाव्या दोन. एक हिशेब लिहिणाऱ्या पोराकडं, दुसरी मावशींकडं. पहिलं रजिस्टर पत्र आलं तेव्हा आत मावशी एकट्याच रिकामे क्रेट मोजत होत्या. पोस्टमननं सही मागितली. त्यांनी सही केली, खाली तारीख घातली, आवक वहीत नोंद केली आणि पाकीट न फोडता टेबलाच्या खणात ठेवलं. संध्याकाळी सगळे जमल्यावर फोडलं. बँकेकडून चेकबुक आलं होतं. वरच्या पत्त्यात पिनकोडचा शेवटचा आकडा चुकला होता, तरी पाकीट बरोबर पोचलं होतं. बँकेला पत्ता दुरुस्त करा म्हणून पत्र लिहिलं, ते कंपनीच्या कागदावरचं आमचं पहिलं पत्र.